प्रागची तिघांची सहल

ऑक्टोबरमध्ये माधवीचा गुडघा बदलला आणि प्रागची ट्रिप कॅन्सल झाली. वर्षभर त्या शहराचा नकाशा फ्रिजवर लावून ठेवणारी बाई ती. दोन दिवस धड जेवली नाही. शेवटी ओटावाहून लेकीनं, केयानं, तोड काढली. प्रागमधली एक गाईड फोन घेऊन खरोखर गल्ल्यांतून हिंडते; आपण घरी बसून बघायचं, बोलायचंसुद्धा. "आई, इट्स लाइव्ह! काय हवं ते विचार तिला."

म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी दहाला, कॅनडातल्याच केंब्रिजमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये अगदी थाट होता. मोठा टीव्ही, त्यावर बसवलेला कॅमेरा, सोफ्याच्या दोन टोकांना नवराबायको आणि मधे चिवड्याचा डबा. शैलेंद्र, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर, चक्क टाय लावून बसले होते.

पडद्यावर लेंका आली. लाल टोपी, थंडीनं तितकंच लाल नाक. "वेलकम टू प्राग! तिघांनाही!"

"तिघं?" शैलेंद्र पुटपुटले. "चिवड्यालाही मोजलं वाटतं पोरीनं."

माधवी खो खो हसली.

तिकडे दुपारचे चार वाजले होते, पण उजेड विझत आला होता. जुन्या पुलावर दुतर्फा दगडी संत काळे पडून उभे होते. खाली नदी शिशासारखी. कुठेतरी घंटा वाजत होत्या. शैलेंद्रांनी पुलाच्या कमानींपासून ट्रामच्या ब्रेकपर्यंत सगळं विचारून घेतलं. लेंका हसत सांगत होती. पण हळूहळू ती न विचारलेल्या प्रश्नांनाही उत्तरं द्यायला लागली, आणि तीही तिच्या चेक भाषेत. मधेच थांबायची, ऐकायची, मान डोलवायची.

"लेंका, कुणाशी बोलतेस गं?" माधवीनं इंग्रजीत विचारलं.

"तुमच्या आजींशी! किती सुंदर चेक बोलतात. माझी पणजी बोलायची, तसं जुन्या वळणाचं. त्या काय, मांडीवर डबा घेऊन बसलेल्या."

दोघांनी एकदमच मधे पाहिलं. डबा होता. पण सोफ्याच्या गादीपासून चांगला वीतभर वर... आणि त्याच्याखाली गादी दबलेली होती, कुणी सावकाश टेकून बसावं तशी. ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास आला.

"नाव... नाव विचार त्यांचं," शैलेंद्र लेंकाला म्हणाले.

लेंकानं विचारलं. "मिलाडा म्हणतात."

घर घेऊन तीस वर्षं झाली होती, तरी शेजारचे म्हातारे अजून त्याला मिलाडाचं घर म्हणत. आधीची मालकीण. एका हिवाळ्यात इथेच गेली होती, एकटीच.

"अहो... बंद करू?" माधवीनं रिमोट उचलला.

"कर. आधी कर," शैलेंद्र कुजबुजले.

तेवढ्यात लेंका म्हणाली, "आजी म्हणतात, डावीकडच्या गल्लीत त्यांचं घर आहे. पन्नास वर्षांत पाहिलं नाही. आपला रूट तसा नाहीये, पण तुम्ही हो म्हणालात तर नेते."

माधवीचं बोट बटणावरच होतं. एक सहल हुकली म्हणून आपण केवढं रडलो... आणि ही पन्नास वर्षं. तिनं रिमोट खाली ठेवला.

"जा," ती म्हणाली. "डावीकडेच जा."

गल्ली अरुंद होती, दिवा एकच. लेंकाचे बूट दगडांवर खटखटत होते, आणि त्यांच्या मागोमाग आणखी कुणाची तरी पावलं, थकलेली, पण घाईची. एका दारापाशी दोन्ही थांबली. दार आतूनच उघडलं. पिवळा उजेड पडदाभर झाला... आणि इकडे सोफ्याची गादी हळूच फुगून वर आली. डबा अलगद खाली टेकला.

"अरे, आजी उठून गेल्या?" लेंकानं विचारलं.

"पोचल्या," माधवी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

वर येऊन दोघांनी आल्याचा कडक चहा घेतला. भीती कधी ओसरली आणि हसू कधी फुटलं, कळलंच नाही. शैलेंद्र म्हणाले, "बघ, व्हिसासुद्धा लागला नाही म्हातारीला!" माधवी इतकी हसली की गुडघा दुखायला लागला. केयाला फोन करून सगळं सांगितलं, तिनं "आई, सीरियसली?" म्हणत तीनदा ऐकलं. त्या रात्री माधवीला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात पोहे भिजवत असताना लेंकाचा मेसेज आला. मिलाडाच्या खिडकीत आता दिवा दिसतो, असं तिनं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: "काल ज्यांनी दार उघडलं, ते आजोबा माझ्या फोनमध्ये फार जवळून डोकावत होते. कॉल संपला तेव्हा गल्लीत कुणीच नव्हतं. तुमच्याकडे आलेत का?"

माधवी पुन्हा वाचायला लागली, तोच बेसमेंटमधून हाक आली. पुरुषाचा आवाज, हळू.

"आले हो," सवयीनं ती बोलून गेली.

मग तिची नजर खिडकीबाहेर गेली. ड्राइव्हवेवर शैलेंद्र पाठमोरे, बर्फ शोव्हल करत होते.

हाक पुन्हा आली. या वेळी एक पायरी जवळून.