तिसरी टकटक

भित्रे असाल तर भिंतीला टेकून बसा, म्हणजे मागून कोणी येणार नाही. पुढून आलं तर मी काय करू?

त्या सकाळचं काम साधंच होतं. बाईंना होडीतून खाडीत न्यायचं. या बाई पाण्यात माईक सोडून जनावरं ऐकतात. माणसाचं एक ऐकत नाहीत! कानांवर सदा हेडफोन. मी चौथीतून पळालेला, पण त्यांच्याकडून एवढं शिकलो: प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी, जणू तिचं नावच. गढूळ पाण्यात डोळे फुकट. कोण आलं ते शिळेवरून कळतं.

आमच्या म्हातारीची, म्हणजे खाडीतल्या थोरल्या डॉल्फिनची, शीळ मधेच तुटायची, उचकी लागल्यासारखी. तिचा-माझा एक खेळ होता. मी होडीच्या तळावर चमच्याने दोनदा टकटक करायचो. तिसरी ती खालून द्यायची आणि लगेच वर येऊन माझ्या तोंडावर पाणी उडवायची. माझ्याहून वात्रट!

आठ दिवसांपूर्वी ती मरून किनाऱ्याला लागली. या हातांनी मी तिला वाळूत पुरली. तिचं पिल्लू मात्र खाडीतच घिरट्या घालत राहिलं. खाडीचं तोंड वाळूने बुजत चाललं होतं. दुपारच्या ओहोटीनंतर वाट बंद, आणि पिल्लू आत उपाशी मरणार.

बाईंनी म्हातारीची जुनी, रेकॉर्ड केलेली शीळ आणली होती. पाण्यातल्या स्पीकरवर ती वाजवत समुद्राकडे जायचं, म्हणजे पिल्लू मागे येईल.

"मेलेल्या आईच्या आवाजाने फसवायचं... बरं वाटत नाही, काका."

"बाई, जन्मभर लोकांना फसवलं, कुणाचं भलं झालं नाही. आज एकदा होऊ द्या."

धुकं असं की होडीचं नाक दिसेना. बाईंनी बटण दाबलं. माईकचा हेडफोन अर्धा माझ्या कानाला लावला. लांब शीळ... उचकी... पुन्हा लांब. मग मागून एक बारीक, घाईची शीळ.

"येतंय... वल्हवा काका, थांबू नका."

कुजक्या शेवाळाचा वास सुटला. वल्हं वाळूला घासू लागलं. तेवढ्यात एक छोटी गुळगुळीत पाठ होडीला चाटून पलीकडच्या खोल पाण्यात गेली. बाई हसता हसता रडल्या. माझ्या गालावर होतं ते धुक्याचं पाणी, कळलं का!

मी स्पीकर ओढायला वाकलो. त्याच्या वायरची पिन माझ्या पायाशी पडलेली. ती लावायचं काम माझं. मी लावलीच नव्हती, म्हणजे स्पीकर मुळी वाजलाच नव्हता. मी पिन बाईंना दाखवली.

"काका... चेष्टा पुरे."

"तुमची शपथ, बाई..."

हेडफोनमध्ये अजून दोन शिळा होत्या. बारीक शीळ लांब लांब गेली. उचकीची मात्र... परत वळली. जवळ आली. थांबली.

होडीच्या तळाला, खालून... टक. टक.

"काका... तो चमचा?" बाई कुजबुजल्या.

"खिशात आहे."

मी वाकून हळूच म्हणालो, "पोचलं गं तुझं लेकरू. जा आता."

ती गेली नाही. अजूनही त्या जागी होडी नेली की खालून दोनदा वाजतं, आणि मग ती वाट बघते. म्हातारीला भेटावंसं फार वाटतं हो. चमचाही जवळ असतो. पण पुरताना मी तिला पाहिलंय... आणि तिसरी वाजली की तिने वर यायचं, हा नियम आमचाच.