लिफ्टवालीची वागणूक

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती आणि आतला माणूस सारखी घंटी दाबत होता.

"बोट काढा त्या बटणावरून!" मी दाराच्या फटीतून ओरडले. "घंटी वाजवून लिफ्ट हलत नसते."

"तुम्ही वैतागलेल्या वाटताय," आतून शांत आवाज.

"अडकलाय तुम्ही. वैतागायचं तुम्ही. मला माझं काम करू द्या."

दार उघडलं तेव्हा तो गुडघे टेकून वरून माझ्याकडे बघत होता. केस विसकटलेले, डोळे मात्र हसरे. मी उतरायला हात दिला. त्यानं तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला… की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. "रहिवाशांच्या तक्रारी आल्यात. माणसांशी कसं बोलावं याचा एक वर्ग आहे, तिथं जा. 'वागणूक सुधारली' असं शिकवणाऱ्यानं लिहून दिलं तर राहा. नाहीतर दुसरीकडे काम बघा."

वागणूक सुधारायला नेहमी पाना धरणाऱ्यालाच पाठवतात. लिफ्टचा झिजलेला दोर बदलायला वर्षभर टाळाटाळ करणाऱ्या घरमालकांसाठी असा वर्ग कुणी काढत नाही. घरी आई म्हणाली, "बरं झालं. तुझ्या जिभेला हाड नाही, ते तरी कुणीतरी बसवेल."

वर्गात शिकवायला उभा होता तोच. लिफ्टमधला.

"आज घंटी नाही वाजवणार?" मी विचारलं.

"कशाला? सोडवणारी समोरच बसलीये."

अख्खा वर्ग हसला. माझे कान तापले.

त्याची पद्धत साधी. समोरच्याचं ऐकायचं, ते आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचं, आणि त्यानं 'हो' म्हटल्याशिवाय आपलं घोडं पुढं दामटायचं नाही. जोड्या लागल्या. मी उरले, म्हणून माझ्यासमोर तो बसला. बाबा गेल्यावर मी त्यांचं काम उचललं, पोरीला लिफ्टच्या खड्ड्यात कुणी उतरू देईना, तेव्हापासून माझा आवाज चढला तो चढलाच… कुणाला न सांगितलेलं त्याला सांगून बसले. तो ऐकायचा. इतकं, की भीती वाटायची. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही.

वर्ग संपला त्या दिवशी साहेबांचा फोन आला. "त्यानं तुमच्याबद्दल लिहून द्यायला नकार दिलाय."

मी तडक त्याच्या खोलीत. "केसानं गळा कापलात माझा!"

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की मी फसव—"

"माझंच बोलणं मला परत देऊ नका! तुमचं बोला!"

तो उठला. खुर्ची मागं पडली. "मला तुम्ही आवडता!" तो चक्क ओरडला. "मग काय लिहू? चांगलं लिहिलं तरी त्याला काय किंमत? म्हणून हे वर्ग चालवणाऱ्या मोठ्या मॅडमना सांगितलं, उद्या तुमची परीक्षा त्या घेतील. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं… मला नाही जमत ते."

दारात दोन डोकी डोकावली आणि पटकन मागं झाली.

"नोकरी माझी," मी म्हणाले. "आणि ठरवलंत तुम्ही, मला न विचारता. त्याचा राग आहे."

"बरोबर आहे."

"बाकीच्याचा… नाही."

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम रहिवासी बनून माझ्यावर तुटून पडल्या. "तुमच्या बंद लिफ्टमुळे माझ्या सासूबाई सगळे जिने चढल्या! लाज वाटते का?"

'दोराचं मालकांना विचारा' हे अगदी तोंडाशी आलं होतं. पण डोळ्यांपुढं कठडा धरून धापा टाकणारी एक म्हातारी उभी राहिली.

"आता कशा आहेत त्या?" मी विचारलं. "घरात कुणी आहे का जवळ? आधी त्यांना बघून येऊ का?"

मॅडम गडबडल्या. सासूचं पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं.

पास झाले. जेमतेम.

बाहेर तो नखं कुरतडत उभा होता.

"पास," मी म्हणाले. "आता तुम्ही माझे मास्तर नाही."

"मग कोण?"

"ते जेवताना ठरवू. आज तुम्ही बोलायचं. कधीपासून, का, सगळं… आणि मधेच थांबलात तर बघा!"

तो बोलू लागला. आधी अडखळत, मग धडाधड. हॉटेलवाला दोनदा येऊन विचारून गेला, काय आणू? दोन्ही वेळा मी त्याला हातानंच सांगितलं — थांब जरा.