छपरावरची हाक

सकाळची चिलगोज्याची पेज घेऊन ओक्दान दाई राजकन्येच्या दालनात आली, तेव्हा वैद्य उशाशी मान खाली घालून बसला होता. राजकन्या युनह्येच्या नाकाशी त्याने कापसाचा पुंजका धरला होता. कापूस हलत नव्हता.

"दाई, संपलं," तो हळूच म्हणाला.

एकोणीस वर्षं ओक्दानने या पोरीला जिवापाड जपलं होतं, आपलं दूध पाजून वाढवलं होतं. ती रडत बसली नाही. तिने युनह्येचा अंगरखा उचलला आणि शिडी गाठली. राजवाडा असो की झोपडी, गेग्योंग नगरीत रीत एकच. माणूस गेलं की त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं, उत्तरेकडे तोंड करून तीनदा नावाने हाक मारायची, आणि अंगरखा आणून त्याच्या अंगावर पांघरायचा. निघालेला जीव कधीकधी ऐकतो.

ओक्दानचे गुडघे कुरकुरत होते, कौलांवर बर्फ होता. तरी ती चढली.

"युनह्ये, परत ये..."

तिसऱ्या हाकेला भिंतीपलीकडून कुणीतरी ओ दिली. आनंदाने ओक्दानला रडूच फुटलं.

अंगरखा पांघरताच राजकन्येने डोळे उघडले. वैद्य दारापर्यंत मागे सरकला.

"दाई... कुणाला बोलावलंस?"

"तुम्हालाच, माझ्या बाय."

"पण मी तर इथेच होते..."

ओक्दानने कापूस हातात घेतला. शेगडीवरच्या काढ्याच्या वाफेने तो चिंब झाला होता. ओला कापूस कसला हलतोय!

"दाई, ती मला सरक म्हणते... फार दिवस थंडीत होते म्हणते..."

लेक वाचली म्हणून राजाने दारू वाटली. वैद्याला रेशमाचं ठाण मिळालं, त्याने तोंड शिवून घेतलं. राजकन्या जेवू लागली, दोघींचं जेवू लागली. दिवसभर ती ठणठणीत आवाजात बोलायची. मधूनच एखादा बारीक आवाज "दाई" म्हणायचा आणि ओक्दान हातातलं काम टाकून धावायची.

"कशाला झुरतेस गं?" ठणठणीत आवाज हसून म्हणायचा. "आधीची मरतुकडी बरी होती की काय?"

ओक्दानने नवस केले, पाया पडली, पदर पसरून "जा बाई" म्हणून विनवलं. बोलावण्याची रीत होती, घालवण्याची नव्हती. आपल्याच घाईने पोरीचा घात झाला, हे तिला जाळत होतं.

नवव्या दिवशी दुपारी बारीक आवाज म्हणाला, "दाई, आता जागाच नाही राहिली..." मग तो आलाच नाही.

ओक्दानने अंगरखा ओढला आणि धापा टाकत छपरावर गेली. एक हाक मारली, दुसरी मारली, आणि तिसरीला तिचा घसा फाटला.

तिच्या हातातला अंगरखा जड झाला. झोपलेलं मूल कडेवर घ्यावं तसा जड आणि ऊबदार. पोर आली होती. पण तिला आता ठेवायची कुठे? खालचं अंग तर भरलेलं होतं.

"दाई," खालून आवाज आला, अगदी मायेचा. "उतर आता, गारठशील. आणि येताना ते तिथेच टाकून ये."

अंगरख्याच्या रिकाम्या बाहीने ओक्दानचं बोट घट्ट धरलं.