इस्त्री केलेल्या पावत्या

उशीचा अभ्रा छातीशी धरून कुणी कर सल्लागाराकडे येतं का? तो आला. सकाळपासून पाऊस लागला होता. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, अभ्रा मात्र कोरडा ठणठणीत.

"वर्षभराच्या पावत्या," तो म्हणाला. "एकही भिजू दिली नाही."

"आणि तुम्ही?"

"मी... मी वाळेन की."

मला हसायचं नव्हतं. मामाच्या कचेरीत हसायची परवानगी फक्त मामाला आहे, आणि तिथे त्याला साहेब म्हणायचं असतं. रिटर्न भरायच्या आधीचं सगळं माझ्याकडे. लोकांकडून बँकेचे उतारे, बिलं, दाखले गोळा करायचे, तारखेप्रमाणे लावायचे आणि काय राहिलं ते विचारून त्यांना भंडावून सोडायचं. टापटिपीत माझा हात कुणी धरणार नाही.

मी अभ्रा टेबलावर उलटा केला. चुरगळलेल्या पावत्यांचा हा ढीग.

"मी व्हायोलिन दुरुस्त करतो," तो म्हणाला. "ही तारांची, ही लाकडाची. आणि ही घोड्याच्या केसांची."

"घोड्याच्या?"

"व्हायोलिन वाजवायच्या गजाला लागतात. म्हणजे — घोडा पाळलेला नाही मी."

तो गेल्यावर मामाने त्याचं बारसंच करून टाकलं. अभ्रेवाले.

त्या पावत्या काही सरळ होईनात. जाड पुस्तकाखाली दाबल्या, वर पेपरवेट ठेवले, तरी आपल्या वळलेल्याच. शेवटी रविवारी मी त्या घरी नेल्या आणि इस्त्री तापवली.

"कागदाला इस्त्री?" आई म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू बघच."

आम्ही दोघींनी बघितलं. दुकानातल्या यंत्रातून निघतो तो गुळगुळीत कागद उष्णता लागली की काळा पडतो, हे मला कुठे ठाऊक? एकेक पावती घेतली असती तर एकच गेली असती. पण मला हौस फार. सगळ्या ओळीने मांडल्या, वर पातळ कापड टाकलं आणि फिरवली इस्त्री. कापड उचललं तर एकेचाळीस पावत्या काळ्याकुट्ट.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. खर्चाचा पुरावाच नाही म्हणजे त्या बिचाऱ्याला जास्तीचा कर बसणार, आणि तो माझ्या टापटिपीपायी.

"चूक तुझी, निस्तर तूच," मामा म्हणाला. "दुकानादुकानातून नकला आण. मुदतीला महिना आहे."

मी अभ्रेवाल्यांना फोन लावला.

"तुमच्या पावत्यांना मी... इस्त्री केली."



"कडक?"

"हसू नका हो. सगळ्या काळ्या पडल्यात. नकला मागायला हव्यात, पण दुकानदार मला ओळखत नाहीत. शनिवारी... माझ्याबरोबर याल का?"



"येईन," तो अगदी हळू म्हणाला.

पहिल्या शनिवारी लाकडाची वखार. वखारवाला जुनी बिलं शोधेपर्यंत त्याने एका फळीवर बोटाने टकटक केली आणि कान लावला.

"ऐका."

मीही कान लावला. फळीपेक्षा मला त्याचा श्वास जास्त ऐकू येत होता, पण तसं कसं सांगणार? "छान वाजतंय," म्हटलं.

दुसऱ्या शनिवारी तारांचं दुकान, आणि दोघांत एक छत्री. दुकानातून निघालो तेव्हा माझ्यावर थेंब नव्हता आणि त्याचा डावा खांदा चिंब.

"वाळेन की," मी विचारायच्या आत तो म्हणाला.

तिसऱ्या शनिवारी घोड्याचे केस विकणाऱ्या ब्रशवाल्याने त्या पावतीची नक्कल दिली. ती एकेचाळिसावी. आनंद व्हायचा तर मी उगाच सगळ्या पुन्हा मोजल्या. आता कुठल्या निमित्ताने भेटायचं?

सोमवारी तो सही करायला आला, बरोबर त्याची थोरली बहीण. ताई शाळेत मुख्याध्यापिका, आवाज तसाच. फाईल चाळून त्या म्हणाल्या, "एवढ्या नकला कशाला गोळा केल्यात? याच्या प्रत्येक पावतीचा फोटो मी दर महिन्याला काढते आणि यालाही पाठवते. फोटो नाही का चालत?"

"चालतात की," मामा म्हणाला आणि त्याने चष्म्यावरून अभ्रेवाल्यांकडे पाहिलं. त्यांचे कान लालेलाल झाले होते.

"तुमच्याकडे फोटो होते?" मी विचारलं.

"होते."

"पहिल्यापासून?"

"हो."

मी उठून बाहेर जिन्यात गेले. तो मागोमाग आला.

"मी रडले होते," मी म्हटलं. "तीन आठवडे तुमच्याकडे बघताना मला अपराधी वाटत होतं."

"रडलात हे मला ठाऊक नव्हतं." त्याचा चेहरा उतरला. "फोटो आहेत हे त्या फोनवरच सांगणार होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, शनिवारी याल का... आणि मला तोंडच उघडवेना. मग दर शनिवारी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे."

"वा."

"तुम्हाला त्रास दिला, त्याची माफी मागतो. मनापासून. पण तीन शनिवार तुमच्याबरोबर हिंडलो त्याची... नाही मागता यायची. मला तुम्ही आवडता."

निदान आठवडाभर रुसायचं मी जिन्यात येतानाच ठरवलं होतं. पण खरं सांगते, राग टिकेचना. इतके दिवस मला वाटत होतं, हा गरज म्हणून येतोय. याला तर काडीचीही गरज नव्हती, तरी हा पावसात भिजत आला.

"मलाही," मी म्हटलं. "तुम्ही. म्हणजे... आवडता. पण रागावलेली आहे हं मी."

"शनिवारी काढू समजूत?"

"दिवसभर लागेल."

"अभ्रेवाले, सही राहिलीय," आतून मामाने हाक मारली. तो हलेना. मग मीच त्याचा हात धरून त्याला आत नेलं, मामाच्या आणि ताईंच्या देखत. गडबडीत मी धरला होता उजवा. त्यानेही तो सोडवून घेतला नाही, पेन उचलून डाव्या हाताने सही ठोकली.

"ही जुळायची नाही," मामा म्हणाला आणि दुसरा फॉर्म छापायला घेतला. यंत्र जुनं आहे, वेळ लावतं. तोवर मी हात सोडला नाही.