वीतभर सडा

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची नाही, भर दिवसाची आहे, म्हणून पटायला जड जाईल.

क्योटोच्या ऐन मध्यावर, माणसांनीच भरून वाहणाऱ्या बाजाररस्त्यावर घडलेली. तिथे गाड्या येत नाहीत. डोक्यावर काचेचं छत आहे, त्यामुळे पाऊसही येत नाही.

हे लक्षात ठेवा. पाऊस येत नाही.

मित्सुए ही माझी मावशी. तिचं लोणच्यांचं दुकान. शेजारी किनुयो आजींचं लाकडी फण्यांचं. आजी दुकानाच्या वरच एकट्या राहायच्या. रोज सकाळी दोघी आपापलं दार झाडायच्या, सडा घालायच्या. आणि शेजारणीच्या हद्दीत एक वीत पुढे जायच्या.

एकच वीत. कमी झाली तर आखडूपणा. जास्त झाली तर टोमणा... तुमच्याने होत नाही, असा.

"मित्सुए, आज दीड वीत झाली गं. माझ्या दारात राहायला येतेस का?"

"तुमची वीतच आखडली असेल, आजी. वय झालं."

"वय झालं म्हणे. तुझ्या लोणच्यातले मुळे खाऊन दात पडले माझे, त्याचं बोल."

असं हसत दिवस उजाडायचा.

गिओनच्या उत्सवाचा दिवस होता. सकाळपासून मुंग्यांसारखी गर्दी. मावशी केरसुणी घेऊन बाहेर आली, आणि थबकली.

आजींचं दार कोरडं होतं.

शटर गुडघाभर वर. आत अंधार.

आणि आतून आवाज येत होता...

टक्... टक्...

फणी कोरून झाली की आजी ती लाकडावर आपटून भुसा झाडायच्या. तोच आवाज.

"हाक मारून बघ की," मावशीचे यजमान, शोकिची काका, दुकानातून म्हणाले.

"अहो, कुणाच्या अर्ध्या शटरखाली डोकं घालायचं? बरं दिसतं का ते? कामात असतील."

मावशीने आपली वीत झाडली. वीतभर सडा घातला. आणि दुकानात गेली.

दिवसभर गिऱ्हाईक. वर कर्ण्यांतून उत्सवाच्या झांजा. त्या झांजांच्या खालून, मधूनच...

टक्...

एवढा वेळ कुणी एकच फणी झाडतं का? हा विचार मावशीच्या मनात आला. आला, आणि पुढचं गिऱ्हाईकही आलं.

दिवस कलला तेव्हा आवाज थांबला.

दुसऱ्या सकाळी किनुयो आजी गल्ल्यामागे निष्प्राण पडलेल्या सापडल्या. कंबर मोडलेली. मुठीत फणी. फणीचे दात फरशीवर आपटून झिजलेले.

ओसाकाहून त्यांचा भाचा आला. वाकून नमस्कार करत त्याने मावशीला विचारलं, "तुम्हाला काही ऐकू आलं होतं का हो?"

"नाही," मावशी म्हणाली. "काहीच ऐकू आलं नाही."

भाच्याने शटरला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन तो गेला.

त्यानंतर एका सकाळी मावशी झाडायला बाहेर आली...

तिच्या हद्दीत सडा पडलेला होता.

शेजारच्या बाजूने. नेमका वीतभर.

"अहो, तुम्ही झाडलंत?"

"मी? आपली केरसुणी कुठे असते ते तरी मला माहीत आहे का?"

मावशी हसली नाही. ती गर्दीकडे बघत होती. माणसं येत होती, जात होती, फोनवर बोलत होती. पण त्या ओल्या पट्टीवर एकाचंही पाऊल पडत नव्हतं. न बघताच सगळे वळसा घालत होते.

दुसऱ्या दिवशी दोन विती.

मग तीन.

इथली माणसं तोंडावर बोलत नाहीत. हा टोमणा कुणाचा, हे मावशीला सांगावं लागलं नाही.

ओल दाराकडे सरकत राहिली. आणि भर दुपारी, गर्दीच्या कलकलाटात, बंद शटरमागून...

टक्... टक्...

मावशीने रेडिओ मोठा केला. काका म्हणाले, "बहिरी झालीस की काय?"

काकांना ऐकू येत नव्हतं.

मग ओल उंबऱ्याला लागली. त्या दिवशी मावशी भर गर्दीत आजींच्या शटरपुढे गुडघ्यांवर बसली. थंड पत्र्याला कपाळ टेकलं.

"आजी," ती पुटपुटली, "मला ऐकू आलं होतं."

आवाज थांबला...

आत कुणीतरी कान देऊन ऐकत असावं, तसा.

"काय ऐकू आलं होतं?"

मागे शोकिची काका उभे होते. शेजारचे दुकानदारही माना वळवून बघत होते.

एक शब्द. तेवढाच सांगायचा होता.

"काही नाही," मावशी म्हणाली. "काहीच ऐकू आलं नाही."

आत काहीतरी फरशीवर पडलं. लाकडाचं, हलकंसं.

मग कधीच आवाज आला नाही.

दुसऱ्या सकाळी मावशीचं दार कोरडं होतं. एक वीतसुद्धा ओल नाही. शेजार तुटला होता.

मावशी अजून रोज झाडते. अजून आजींच्या हद्दीत वीतभर सडा घालते. काकांना तिने काही सांगितलेलं नाही. मला सांगितलं... आणि ओसाकाला कळवू नकोस, असंही सांगितलं.

मी कळवलेलं नाही.

गेल्या खेपेला तिच्यासोबत मीही बाहेर उभी होते. तिने आजींच्या हद्दीत पाणी शिंपडलं. थेंब पडताना मी डोळ्यांनी पाहिले.

मग वाकून फरशीवर हात ठेवला...

कोरडी होती.