नकाशातून गायब झालेली ओघळ

बसवेश धापा टाकतच वर्षाराणीच्या कचेरीत शिरले. शिरोलीत त्यांचं जमीन मोजणीचं ऑफिस होतं.

"ताई, पेठ वडगावजवळच्या उतारावर आज घरांचा पाया खणायचाय. काल जागेवर गेलतो. मधोमध खोल ओघळ हाय, अन् आमच्या नकाशात ती न्हायच."

वर्षाराणी खाजगी गुप्तहेर. तिचा सोबती आकाराम म्हणाला, "राहिली असंल एखादी."

"पावसाचं पाणी तिथनंच उतरतंय. घरं वाहून जातील की."

आकारामनं गाडी काढली.

शिरोलीत बसवेशनी संगणकावर नकाशा उघडला. डोंगरावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा सगळीकडं करवतीच्या दात्यांसारख्या होत्या. एकाच जागी मात्र त्या गुळगुळीत, सरळ धावत होत्या. तिथं ६१२ असा आकडा होता.

ड्रोन उडवणारा सोमेश म्हणाला, "ती उंची ओघळीत उतरून मी मोजलीया. आकडाबी मीच टाकला."

"रेघा मी काढल्या," सौंदर्या म्हणाली. "ओघळीपाशी त्या वर वळत होत्या. रेघ गुळगुळीत करायचं बटण मी फक्त अमरसिंहदादांना दाखवलं, जाहिरातीच्या चित्रासाठी."

उतारावरच्या जागेचा मालक अमरसिंह हसला. त्याची इथं रोजची ऊठबस होती. "मला नकाशातलं काय कळतंय? आकडे बघून डोकं फिरतंय."

आकारामचा संशय सौंदर्यावर बसला. तो तसं पुटपुटलाही.

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "चूक संगणकाची असती तर सगळ्याच रेघा गुळगुळीत झाल्या असत्या. हे कुणीतरी मुद्दाम केलंय. आता हा ६१२ बघ. तो ६२० उंचीच्या रेघेच्या वर, डोंगराकडं पडलाय. चढावर उंची कमी कशी होईल?"

"व्हय की," आकाराम पुढं वाकला.

"सोमेश आणि सौंदर्या नकाशा वाचतात. त्यांनी ओघळ लपवली असती तर आधी हा आकडा पुसला असता. आकडा राहिला, कारण करणाऱ्याला त्याचा अर्थच कळत नव्हता. त्याला जागा माहीत होती अन् बटण माहीत होतं, बस्स."

अमरसिंहचा चेहरा उतरला. "ओघळ दिसली असती तर मधले प्लॉट कुणी घेतले नसते," तो हळूच म्हणाला.

"पाया खणायचं मशीन थांबवा," बसवेश कडाडले.

अमरसिंहनं फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना.

आकाराम पायऱ्या उतरून पळत सुटला होता. वर्षाराणी मागं बसताच त्यानं गाडी दामटली. उतारावर पोचले तेव्हा मशीनचा दात जमिनीला टेकत होता. आकाराम गाडी तशीच सोडून धावला, दोन्ही हात पसरून मशीनपुढं आडवा झाला.

घरघर थांबली. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "ओ पावणं, मरायचंय काय?"

"न्हाय," आकाराम धापा टाकत म्हणाला, "कुणालाच न्हाय."