मामांचं नवं टेबल

"पोहायला निघायचं की केसच विंचरत बसायचं?" ढब्बू दारातून ओरडला.

त्याची बहीण टिकली मामीची वेणी घालत होती. मामीचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. दोघं भावंडं सुट्टीत मामांकडे आली, तेव्हापासून हे रोजचंच झालं होतं.

मामांची बेकरी घराखालीच होती. मामी आणि कारागीरकाका तिथे पावाचं पीठ मळायचे. पण आज मामांनी फर्मान काढलं होतं, "उद्यापासून तू गल्ल्यावर बस. मळायला दुसरं कुणीतरी बघतो." मामीचे डोळे भरून आले. पिठात हात घातल्याशिवाय तिला करमायचंच नाही.

"कारागीरकाकांचाही खांदाच दुखतोय," वकील म्हणाला. हा मामांचा मुलगा. ऊठसूट वाद घालतो म्हणून हे नाव पडलेलं. "बाबा म्हणतात, दोघं नाटक करतात."

"दोघांनी मिळून एकच नाटक?" टिकलीने नाक मुरडलं. पोहणं राहिलं बाजूला, तिघं थेट बेकरीत गेली.

कारागीरकाका मामीसारखेच बुटके. टाचा उचलून, खांदे पार कानांपर्यंत चढवून ते मळत होते.

"काका, हे टेबल नवीन आहे?" टिकलीने विचारलं.

"हो, तुम्ही यायच्या जरा आधीच केलं. मालकांनी स्वतः उभं राहून माप दिलं की."

आणि मामा तर ताडमाड उंच! शिवाय ते कायम भट्टीपाशी, पिठाला हातसुद्धा लावायचे नाहीत. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबांना सांगून काही उपयोग नाही," वकील म्हणाला. "लगेच आपल्यालाच 'शहाणपणा शिकवू नका' म्हणतील."

"मग सांगायचंच कशाला?" ढब्बू हसला.

मागच्या खोलीत जुनं, बुटकं टेबल धूळ खात पडलं होतं. त्यांनी ते घासूनपुसून लख्ख केलं आणि मामांना गळ घातली, "मामा, आम्हाला मळायला शिकवा ना. तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही."

मामा खूश. बाह्या सरसावून, वाकून मळायला लागले. एक गोळा झाला की पोरं दुसरा पुढे सरकवायची. शेवटी मामा सरळ व्हायला गेले आणि अर्ध्यातच अडकले. "अरे, माझी कंबर..."

"मामा," टिकली अगदी गोड आवाजात म्हणाली, "नाटक तर करत नाही ना?"

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी समोरच्या बुटक्या टेबलाकडे पाहिलं, मग दारातून पलीकडे टाचा उचलून मळणाऱ्या काकांकडे. ते मटकन स्टुलावर बसले. "चूक माझी, आणि शिक्षा तुमच्या मामीला देत होतो."

संध्याकाळीच सुताराने मामीला समोर उभं करून नव्या टेबलाचे पाय कापले. वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मामीला आणि काकांना खांद्याचे हलके व्यायाम शिकवले. "टेबल कोपराच्या जरा खाली हवं, खांदे सैल, आणि मधूनमधून थांबायचं," त्या म्हणाल्या. "बरं झालं पोरांनी वेळेवर ओळखलं. खांदा आखडून बसला असता, तर फार जड गेलं असतं."

सुट्टी संपत आली. एका सकाळी टिकली नेहमीसारखी कंगवा घेऊन मामीच्या मागे उभी राहिली. मामीने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"थांब गं. आज बघू दे मला."

उजवा हात हळूहळू वर गेला आणि डोक्यामागे पोचला. वेणी जरा तिरकी आली, पण तिची तिने घातली.

दारात उभ्या मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "शाबास रे पोरांनो," ते म्हणाले. "चला, आज पोहायला मीच नेतो."

मामी मात्र केव्हाच खाली पळाली होती. तिला पीठ मळायचं होतं.